बॅक्स्टर म्हणजे भाकरवाली

त्या दिवशी मी ऑफिसात इतक्या जोरात उठले की खुर्ची मागच्या मागे पडली आणि शेजारच्या मुलीच्या हातातला चहा तिच्या ओढणीवर सांडला. ती ओरडली. मी सॉरी म्हणाले, पण माझं लक्ष ओढणीकडे नव्हतंच. मी मोबाइल तिच्या नाकापुढे धरला आणि म्हणाले, "वाच, हे वाच! बॅक्स्टर म्हणजे भाकरवाली!"

तिला काहीच कळलं नाही. कळणार तरी कसं? त्यासाठी आमच्या घरातली आधीची पाच वर्षं माहीत पाहिजेत.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेती करतात. सोयाबीन, तूर आणि विहिरीला पाणी असेल तेवढी हळद. थोरला भाऊ जीप चालवतो, गोरेगाव ते सेनगाव आणि कधी हिंगोलीपर्यंत. माय घरचं आणि शेतातलं दोन्ही बघायची. भाकरी विकायचं तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

झालं असं, की आमच्या समोरच्या खोलीत कोकणातले एक मास्तर भाड्याने राहायला आले. एकटेच. डॉक्टरांनी त्यांना भात कमी करून भाकरी खायला सांगितली होती. एका संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून धूर यायला लागला म्हणून माय धावत गेली, तर मास्तर गॅससमोर उभे, तव्यावर अर्धी जळालेली अर्धी कच्ची भाकर, आणि हात कोपरापर्यंत पिठात. माय म्हणाली, "सर, तुमी पोरांना शिकवा. हे काम तुमच्यानं व्हायचं न्हाई." आणि घरून दोन भाकरी नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पिठाची पिशवी आणून ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शाळेतल्या आणखी एका सरांनी. मग दवाखान्यातली नर्स आली, मग बँकेतले दोघं. वर्षभरात आमच्या अंगणात दोन चुली झाल्या आणि गल्लीतल्या दोन बायका मायच्या सोबतीला येऊन बसायला लागल्या. बाजारच्या दिवशी पिठलं, ठेचा आणि भाकरी अशी टोपली भरून माय बाजारात बसायची आणि दुपार कलायच्या आत टोपली रिकामी घेऊन यायची.

मायची भाकर खरंच वेगळी होती. उंडा ती इतका मळायची की पिठाचा रंग बदलायचा. तव्यावर टाकली की भाकर आधी थोडा दम धरायची आणि मग एकदम टम्म फुगायची. पापुद्रा कागदासारखा सुटायचा.

लोक तिला आधी "भाकरवाली बाई" म्हणायला लागले. त्यात काही विशेष नव्हतं. पण मग ते नाव हळूहळू आमच्या सगळ्यांवर पसरलं. अण्णा चहाच्या टपरीवर गेले की "या, भाकरवाले!" मी बसची वाट बघत उभी असले की "भाकरवाल्याची पोरगी." आणि भावाच्या जीपला तर सरळच, "भाकरवाल्याची जीप गेली का हो?" अण्णांनी आयुष्यात कधी भाकर थापली नव्हती. भावाने तर तव्याला हातही लावला नव्हता. तरी आम्ही सगळे भाकरवाले झालो. आमचं खरं आडनाव सात-बाऱ्यावर आणि आधार कार्डावर तेवढं उरलं.

मला लाज वाटायची. हे मी आता सरळ लिहून टाकते. हिंगोलीच्या ऑफिसात कुणी विचारलं, आई काय करते, तर मी म्हणायची, "घरीच असते."

भावाला मात्र नुसती लाज नाही, रागच यायचा. त्या रागाचा भडका उडाला तो साखरा गावचे पाहुणे आले तेव्हा. भावासाठी स्थळ आलं होतं. मुलीचे वडील आणि दोन नातेवाईक घर बघायला येणार होते. ते स्टँडवर उतरले आणि त्यांनी आमचं खरं आडनाव घेऊन घर विचारलं. त्या आडनावाची गोरेगावात डझनभर घरं. भर उन्हात ते तीन घरं फिरले. तिसऱ्या घरच्यांनी तर त्यांना बसवून चहासुद्धा पाजला, आणि चहा पिऊन झाल्यावर कळलं की या घरात लग्नाचं पोरगंच नाही! शेवटी मुलगा जीप चालवतो असं सांगितल्यावर त्या घरातला म्हातारा म्हणाला, "जीपवाल्याचं घर पाहिजे व्हय? मंग असं सांगा ना, भाकरवाले!" तोच त्यांना घेऊन आला आणि गल्लीच्या तोंडावरूनच ओरडला, "ओ भाकरवाले, पाव्हणे आले हो तुमचे!"

दारात उभ्या भावाचा चेहरा पडला. पाहुणे हसत होते, घामाने भिजले होते, तक्रार काही करत नव्हते. जेवले, शेत बघितलं, "कळवतो" म्हणाले आणि गेले. ते कोपऱ्यावरून वळले नसतील तोच भाऊ मायकडे वळला.

"बस कर आता ते."

"काय बस करू?" मायने विचारलं.

"भाकरी विकणं. सगळं गाव भाकरवाले म्हणून राह्यलं आपल्याला. बापजाद्यांचं आडनाव कुणाला ठावं न्हाई राह्यलं. आता हे पोरगी देतील का आपल्याला?"

"नाव काय मी पाडलं का?" माय म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी तर भाकर करून राह्यले फक्त."

अण्णा टॉवेल खांद्यावर टाकून शेताकडे निघून गेले. त्या दिवसापासून भावाने घरची भाकर सोडली. स्टँडवर पोहे खायचा, पाव खायचा, पण मायच्या हातची भाकर नाही. माय त्याच्या वाटची भाकर रोज करायची, झाकून ठेवायची आणि सकाळी म्हशीला घालायची.

आता माझ्या ऑफिसाचं सांगते. हिंगोलीत एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची खोली. आठ-दहा मुली, तेवढेच कॉम्प्युटर. काम असं, की इंग्लंड-स्कॉटलंडच्या गावांमधल्या जुन्या नोंदवह्यांचे फोटो स्क्रीनवर यायचे आणि ते बघून आम्ही टाइप करायचं. नाव, आडनाव, गाव, धंदा. कुणीतरी दीड-दोनशे वर्षांपूर्वी पिसाच्या लेखणीने नाहीतर टाकाने लिहिलेलं ते अक्षर इतकं किरटं की दिवस संपताना डोळ्यांत पाणी यायचं. तिकडचे लोक आपले पूर्वज शोधतात, त्यांच्यासाठी हे काम चालतं, असं ऑफिसच्या सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

सुरुवातीला मी नुसती टाइप करायची. पण आडनाव आणि धंदा हे दोन रकाने शेजारी-शेजारी होते, त्यामुळे एक गंमत माझ्या लक्षात यायला लागली. आडनाव स्मिथ, म्हणजे लोहार, आणि धंदा पाव भाजण्याचा. आडनाव टेलर, म्हणजे शिंपी, आणि धंदा खलाशाचा. आडनाव शेफर्ड, म्हणजे मेंढपाळ, आणि माणूस शाळेत मास्तर. म्हणजे कधीतरी कुणी खरोखर लोहार होता, त्याला लोक लोहार म्हणाले, त्याच्या पोरांनाही म्हणाले, आणि नातवंडं दुसऱ्याच कामाला लागली तरी नाव काही सुटलं नाही. मला हसू यायचं. पण अजूनही माझ्या डोक्यात आमच्या घराचा विचार आला नव्हता.

मग ते आडनाव आलं. मधलं अक्षर मला लागेना. मी "बार्टर" असं टाइप केलं. फाइल चूक म्हणून परत आली. सरांनी स्क्रीन मोठी करून दाखवली, "मधे एक्स आहे. बॅक्स्टर. या भागात हे आडनाव पुष्कळ सापडेल, लक्षात ठेव." स्मिथचा अर्थ मला माहीत होता, टेलरचा माहीत होता, बॅक्स्टरचा नाही. चहाची सुट्टी झाली तेव्हा मी सहज मोबाइलवर शोधलं.

आणि तिथे लिहिलं होतं: जुन्या इंग्रजीत भाजणाऱ्या पुरुषाला एक शब्द होता, त्याच्यापासून बेकर झाला. भाजणाऱ्या बाईला वेगळा शब्द होता, त्याच्यापासून बॅक्स्टर. शब्दाच्या मागची ती "स्टर" म्हणजे बाईची खूण. आपल्याकडे माळी-माळीण म्हणतात तशी. विणणारी बाई ती वेबस्टर. बिअर गाळणारी ती ब्रूस्टर. सात-आठशे वर्षांपूर्वी, जेव्हा तिकडे आडनावं पक्की व्हायला लागली, तेव्हा ही बायकांच्या कामाची नावंसुद्धा घराण्यांना चिकटली आणि आजपर्यंत टिकली.

मी पुन्हा वाचलं. भाजणारी बाई. बाई! म्हणजे आडनाव वरून, बापाकडूनच यायला पाहिजे असं काही नव्हतं. कुठल्यातरी गल्लीत कुणीतरी बाई चुलीपुढे बसली होती, तिच्या हाताला चव होती, आणि गाव तिच्या घराला तिच्या कामावरून ओळखायला लागलं होतं. हे तर आमच्या अंगणातलंच होतं! आमच्या घरात जे चाललं होतं, ते आडनाव बुडणं नव्हतं. ते आडनाव जन्माला येणं होतं आणि आम्ही ते डोळ्यांनी बघत होतो.

तेव्हाच ती खुर्ची पडली.

खाली आणखी एक ओळ होती, तीही सांगायला पाहिजे. पुढे लोक ती खूण बाईची आहे हे विसरले आणि पुरुषालाही बॅक्स्टर म्हणायला लागले. म्हणजे प्रत्येक बॅक्स्टर घराच्या मुळाशी बाईच असेल असं छातीठोक सांगता येत नाही. हे वाचून माझा उत्साह जरा उतरला, पण लगेच परत चढला. शब्द तर तिचाच होता ना!

त्या संध्याकाळी मी भावाच्याच जीपमध्ये बसून घरी आले. पुढच्या सीटवर बसले, पण त्याला काही सांगितलं नाही. मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं. सेनगावला तो प्रवासी भरायला थांबला तेव्हा मला वाटलं, हे लोक का चढून राहिलेत, निघू द्या ना आम्हाला!

घरी आले तेव्हा माय चुलीपुढे होती. अण्णा ओट्यावर बसून हळदीचं बेणं निवडत होते. मी चपला काढायच्या आधीच सुरू केलं. स्मिथ, टेलर, बेकर, बॅक्स्टर, सगळं एका दमात. माय थापता थापता थांबली. भाऊ दारात किल्ली फिरवत उभा राहिला.

"म्हणजे तिकडं भाकरवाल्याला लोक नावं ठेवत न्हाईत?" अण्णांनी विचारलं.

"नावं ठेवत न्हाईत, नाव लावतात अण्णा! अभिमानानं लावतात. मोठमोठे लोक आहेत या आडनावाचे. आणि मूळ कुठं, तर एका बाईच्या चुलीपाशी."

अण्णांनी बेणं खाली ठेवलं. थोडा विचार केला. मग म्हणाले, "मंग त्या बाईच्या नवऱ्याचं आडनाव काय होतं?"

हे मला सुचलंच नव्हतं. "काय माहीत," मी म्हणाले. "कुणी लिहूनच ठेवलं न्हाई."

अण्णा हसायला लागले. आधी गालातल्या गालात, मग मोठ्याने, इतके की खोकला आला. "गेला म्हण की बिचारा! बायकोच्या तव्याखाली गेला!" ते म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. मी त्यांना असं हसताना किती दिवसांनी बघत होते.

मायचा प्रश्न वेगळाच होता. "ती कशाची करायची?"

"काय?"

"भाकर. कशाची करायची ती बाई? तिकडं ज्वारी होते का?"

मी परत मोबाइल काढला. आम्ही दोघी चुलीच्या उजेडात डोकं घालून बसलो. बॅक्स्टर हे आडनाव जास्त करून इंग्लंडच्या उत्तरेला आणि स्कॉटलंडमध्ये, आणि तिकडे गहू फारसा पिकायचा नाही. ओट आणि सातू. आणि त्या पिठाच्या चपट्या गोल भाकरी ते लोखंडी तव्यावर नाहीतर तापलेल्या दगडावर भाजायचे. मी फोटो दाखवला. माय फोटो जवळ घेऊन बघत राहिली.

"हे तर पाव न्हाईच," ती हळूच म्हणाली. "भाकरच हाय ही बराबर. कडेला चिरली हाय बघ. पाणी कमी पडलं तिचं." मग जराशाने, "सातूचं पीठ चिकट न्हाई राहत. लई तकलीफ झाली असंल तिला थापायला."

सात-आठशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईविषयी माय असं बोलत होती, जशी ती पलीकडच्या गल्लीत राहते.

भावाने किल्ली खिशात टाकली. "ते सगळं तिकडं," तो म्हणाला. "इथं लोक हसतात." पण आवाजात नेहमीची धार नव्हती. तो हात धुऊन आला, ताटावर बसला आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "वाढ." मायने तव्यावरची गरम भाकर त्याच्या ताटात टाकली. मी ठेच्याची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

चार दिवसांनी साखऱ्याहून निरोप आला, पोरगी बघायला या. भावाचा विश्वासच बसेना. आम्ही चौघं गेलो. मुलगी शिवणकाम करायची, गावातल्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडेच यायचे. चहा-पोहे झाले. मुलीच्या काकांनी सहज विचारलं, "त्या दिवशी स्टँडवर तुमचं आडनाव सांगून कुणाला घर कळंना. भाकरवाले म्हणल्याबरोबर कळलं. हे कसं काय?"

भाऊ अवघडला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा, आमचे कधी चार वाक्यं सलग न बोलणारे अण्णा, मांडी ठोकून बसले आणि सुरू झाले.

"त्याचं असं हाय, विलायतेत एक बाई होती. सातूच्या भाकरी करायची. तिच्या हाताला अशी चव, की राजा शिकारीला जाताना घोडं थांबवून तिची भाकर खायचा..."

राजा मी सांगितलाच नव्हता! घोडं तर अजिबातच नाही. पण सगळे इतके मन लावून ऐकत होते की मी गप्प राहिले. अण्णांनी ती बाई, तिचा तवा, तिच्यावरून पडलेलं आडनाव, आणि तिच्या नवऱ्याचं हरवलेलं नाव असं सगळं रंगवून सांगितलं आणि शेवटी मायकडे हात करून म्हणाले, "तशी ही आमच्या घरची."

मायने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मला दिसलं नाही.

मुलगी खाली बघत होती. ती एकदम वर बघून मला म्हणाली, "मंग शिवणाऱ्या बाईला काय म्हणले असते तिथं?"

हे मला येत होतं! त्या दिवसापासून मी चहाच्या सुट्टीत दुसरं काही वाचलंच नव्हतं. "सिमिस्टर!" मी जवळजवळ ओरडलेच. "शिवणारी बाई म्हणजे सिमिस्टर. तेही आडनाव आहे, खरंच."

"सेमिस्टर? कॉलेजमधलं?"

"त्यात तर मी दोनदा नापास झालो," भाऊ पटकन बोलून गेला. बोलल्यावर त्याने जीभ चावली. पण मुलगी हसली, तिचे काका हसले, आतल्या दाराशी उभ्या बायका हसल्या. जीपमध्ये परत येताना भाऊ स्वतःशीच "सिमिस्टर, सिमिस्टर" म्हणत गाडी चालवत होता.

लग्न ठरलं. पत्रिका छापायला मी आणि भाऊ हिंगोलीच्या प्रेसमध्ये गेलो. प्रेसवाल्याने नावं लिहून घेतली, अण्णांचं पूर्ण नाव लिहिलं आणि वर बघितलं. "अजून काही?"

भावाने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "आडनावापुढं कंस करा," तो म्हणाला. "कंसात लिहा, भाकरवाले."

मी त्याच्याकडे बघितलं. तो प्रेसवाल्याच्या भिंतीवरचे पत्रिकांचे नमुने बघत होता, जणू दुसरं कुणी बोललं.

पहिला नमुना घरी आणला तेव्हा मी तो मायला वाचून दाखवला. कंसातल्या शब्दावर तिने बोट ठेवलं. तिला वाचता येतं, अक्षर अक्षर लावून. तिने तो शब्द स्वतः लावला. मग बराच वेळ पत्रिका हातात धरून बसली. मला वाटलं, रडणार आता. ती म्हणाली, "एवढं लिहिलं तर खाली माझा नंबर बी टाक की."

नंबर टाकला. पत्रिका वाटल्या. दोन-तीन दिवसांनी मायचा फोन वाजला. सेनगावचे कुणी पाहुणे होते, अण्णांच्या ओळखीचे. पत्रिका मिळाली म्हणाले, लग्नाला नक्की येऊन राह्यलो म्हणाले, आणि मग म्हणाले, गुरुवारी आमच्याकडं कार्यक्रम हाय, शंभर भाकरी जमतील का?

मायने फोन कानाला खांद्याने दाबून धरला, हात पिठातच होते.

"काहून न्हाई जमणार?" ती म्हणाली. "ज्वारीच्या का बाजरीच्या?"